छोट्या गॅरेजची लिफ्ट : विकायची की बनवायची?

आपल्या समाजात गॅरेज चालवणारे, डेंटिंग-पेंटिंग करणारे, लेथवर बसणारे आणि गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे बांधव पुष्कळ आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारली तरी हे ध्यानात येते. पण खऱ्या गाडीखाली आयुष्य काढणाऱ्या या कारागिराला एका नव्या गिऱ्हाइकाची अजून ओळख नाही. हे गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवणारा हौशी माणूस.

हा माणूस आधी एक गाडी घेतो, मग दहा घेतो. कपाट भरले की त्याला गॅरेजचा देखावा करावासा वाटतो. टायरची चळत, तेलाचे पिंप, पान्यांचा फळा आणि मधोमध लिफ्टवर चढवलेली गाडी. या देखाव्याला ते लोक डायोरामा म्हणतात. त्यात लिफ्ट नसेल तर गॅरेज हे गॅरेज वाटत नाही. म्हणून लिफ्टला मागणी आहे. ती बाहेरून आणून विकावी, की आपल्या हाताने बनवावी, असा प्रश्न आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. लहान मापाची लिफ्ट विकत आणून विका, मोठ्या मापाची स्वतः बनवा; आणि दोन्हीत माप खरे ठेवा.

आधी मापाचे पाहू. बाजारात मुख्यतः तीन मापांच्या गाड्या चालतात : १:१८, १:२४ आणि १:६४. १:१८ म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा भाग. खरी दोन खांबांची लिफ्ट सुमारे ३.६ मीटर उंच असते आणि गाडी सुमारे १.८ मीटर वर उचलते. हाच हिशेब धरला तर १:१८ मध्ये खांब २०० मिलिमीटर आणि उचल १०० मिलिमीटर येते. १:२४ मध्ये खांब १५० आणि उचल ७५. १:६४ मध्ये खांब जेमतेम ५६ आणि उचल २८ मिलिमीटर. एवढा सोपा भागाकार असताना “सगळ्या गाड्यांना चालते” असे सांगून एकच लिफ्ट तिन्ही मापांना विकली जाते. घरी नेल्यावर गाडी लिफ्टखाली खेळण्यासारखी खुजी दिसते किंवा खांबांत शिरतच नाही. हे मापात मारणेच झाले. कुरआनात मापात कमी देणाऱ्यांवर सूरह मुतफ्फिफीन आहे, हे तागडी धरणाऱ्या आपल्या दुकानदाराला सांगायला नको. स्केल हीदेखील तागडीच आहे.

आता विकत घेण्याचे. १:६४ ची गाडी तळहातात मावते, वजन काही ग्रॅम. तिची लिफ्ट हाताने घडवत बसलो तर मजुरीच निघणार नाही. ती साच्यातली किंवा थ्री-डी प्रिंटरवर छापलेली आणावी आणि योग्य नफ्यावर विकावी. पण १:१८ ची धातूची गाडी किलोच्या आसपास भरते. तिच्यासाठी छापील प्लास्टिकचे हात चालत नाहीत. छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंशांना नरम पडते आणि सतत ओझे राहिले तर हळूहळू वाकते. आमच्या परिचयाच्या एका गिऱ्हाइकाने “मेटल लिफ्ट” म्हणून घेतलेली वस्तू अशीच निघाली. वर चंदेरी रंग, आत प्लास्टिक. उन्हाळ्यात हात वाकले, गाडी घसरली आणि तिचा आरसा व बंपर तुटला. दुकानदाराने हात वर केले. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर दाखवणारी प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. चंदेरी रंगाखालचे प्लास्टिक ही तीच ओल आहे. प्लास्टिक विकणे गुन्हा नाही, पण ते प्लास्टिक आहे असे सांगून विकावे.

म्हणून १:१८ ची लिफ्ट आपल्या कारागिराने बनवावी. काम अवघड नाही. खांबाला अॅल्युमिनियमचा चॅनल, आत सहा मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड, त्यावर नट बसवलेला सरकता ठोकळा आणि ठोकळ्याला तीन मिलिमीटर लोखंडी पट्टीचे हात. या रॉडचा नेहमीचा आटा एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे शंभर फेऱ्यांत पूर्ण उचल. आट्याचा मोठा गुण असा की फिरवणे थांबवले तरी गाडी आपोआप खाली येत नाही. दोन्ही रॉड बरोबरीने फिरावेत म्हणून तळफळीच्या खाली सारख्या दात्यांच्या दोन पुली आणि दातेरी पट्टा घालावा. नाहीतर गाडी एका बाजूला कलते. ठोकळा निदान तीस मिलिमीटर उंच ठेवावा, आखूड ठेवला तर वजनाने तिरपा होऊन अडकतो. मिनिटाला शंभर फेरे करणारी एन-२० जातीची छोटी गिअर मोटर लावली तर गाडी एका मिनिटात वर जाते. खऱ्या लिफ्टलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

यापुढचे जे आहे ते कारखान्याला येत नाही, ते गॅरेजवाल्याला येते. लिफ्टचे पॅड गाडीच्या नेमक्या कुठल्या जागी लागतात, खांबाचा पिवळा रंग कुठे खरवडतो, तेलाचा डाग कुठे पडतो, गाडीखाली तेल गोळा करायचा डबा कसा ठेवतात, हे पंधरा वर्षे गाडीखाली उभ्या राहिलेल्या मिस्त्रीला पाठ असते. हौशी माणूस पैसे मोजतो ते या खरेपणाचे.

पैशांचाही हिशेब नीट मांडावा. उदाहरणादाखल धरा : माल ३५० रुपये, पहिल्या नगाला सात तास, तासाला १२० प्रमाणे मजुरी ८४०, रंग व पॅकिंग १५०. बेरीज १,३४०. मोडतोडीचे दहा टक्के धरले की १,४७४ रुपये खर्च झाला, नफा त्यावर. हा भाव ऐकून गिऱ्हाईक कचरेल. पण कापण्या-भोके पाडण्यासाठी जिग बनवून एकदम दहा नग केले आणि वेळ तीन तासांवर आला, तर तोच खर्च ९४६ वर येतो. आपला कारागीर मालाचे पैसे धरतो आणि स्वतःचे तास धरत नाही, मग म्हणतो की धंद्यात बरकत नाही. आधी जिग, मग भाव, हा क्रम ठेवावा.

काही बांधव विचारतील, अशा देखाव्यांत माणसांचे पुतळे असतात, ते आपण कसे करावे? हाताच्या कामावर पोट असलेल्या एका चित्रकाराने हाच प्रश्न हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना विचारला होता. झाडे आणि निर्जीव वस्तू कर, अशी वाट त्यांनी दाखवल्याचे बुखारी शरीफमध्ये आले आहे. लिफ्ट, टायर, पाना या सगळ्या निर्जीव वस्तू आहेत. पुतळ्यांवाचूनही गॅरेज पूर्ण होते.

कायद्याच्या दोन गोष्टी. एक, कुठल्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह परवानगीशिवाय खांबावर छापू नये. आपल्याच गॅरेजचे नाव घालावे. दोन, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आपली लिफ्ट मोठ्यांच्या शोकेससाठी असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि तशीच विकावी. वर “मोठ्यांसाठी” लिहून मुलांच्या खेळण्यांत मांडणे ही पळवाट झाली.

शेवटी एक आठवण. गाडीची हायड्रॉलिक लिफ्ट १९२५ साली अमेरिकेत पीटर लुनाती यांनी काढली, ती न्हाव्याची वर-खाली होणारी खुर्ची पाहून. आपल्या मिरजेतही शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी काळ बदलला तेव्हा सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि त्या कामाने गावाचे नाव झाले. हुन्नर एका कामातून दुसऱ्या कामात जातो, तेव्हाच तो टिकतो. गॅरेजचे काम मंदावलेल्या दिवसांत लेथ आणि ड्रिल मशीन झाकून ठेवण्यापेक्षा एक खरी, मापाची लिफ्ट बनवून पाहावी. दुकानदारानेही ती बाहेरच्या मालाशेजारी, बनवणाऱ्याच्या नावासह मांडावी. माप खरे असेल तर इन्शाअल्लाह गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.