प्रवाळांच्या नोंदी छापायच्या कुठे?

दिल्लीला समुद्र नाही, पण भारतातल्या प्रवाळांबाबतचे बरेचसे निर्णय दिल्लीतच होतात. 2001 मध्ये खडक रचणाऱ्या प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला आणि त्यांना वाघाइतके संरक्षण मिळाले. त्या कायद्यामुळेच मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम करताना 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या वसाहती अलगद उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. कायदा भक्कम आहे. पण ज्याला जपायचे तो जीव पुढची पिढी कधी आणि कशी घडवतो, हे शोधणाऱ्या संशोधनाला दिल्लीतल्या धोरणांत अजून नीट जागा मिळालेली नाही.

प्रवाळ हा प्राणी असूनही जागचा हलत नाही. म्हणून त्याच्या अनेक जाती वर्षातून मोजक्याच रात्री, सगळ्या मिळून, अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतात. समुद्राचे तापमान, चंद्राच्या कला आणि सूर्यास्ताची वेळ यांवरून ती रात्र ठरते. त्यांचे बारीक गोळे पृष्ठभागाकडे तरंगत जातात, तिथे फलन होते, अळ्या काही दिवस पोहतात आणि योग्य जागा सापडली तर खडकाला कायमच्या चिकटतात. पोसिलोपोराच्या काही जातींसारख्या प्रवाळांत मात्र अळ्या आईच्या अंगातच वाढतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक प्रवाळ याच दुसऱ्या प्रकारचे आहेत, असा शास्त्रज्ञांचाही समज होता. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी ग्रेट बॅरियर रीफवर रात्री पाण्यात उतरून तो खोटा ठरवला. त्यांचा निबंध 1984 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

इथे खरी अडचण वेळेची आहे. अंडी परिपक्व व्हायला काही महिने लागतात आणि त्या दोन-चार रात्री चुकल्या की थेट पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. भारतात पीएचडीची शिष्यवृत्ती साधारण पाच वर्षे चालते. त्यातले पहिले वर्ष अभ्यासक्रम आणि परवानग्यांत जाते, शेवटचे लिखाणात. एका संशोधकाच्या हाती तीनच हंगाम उरतात, आणि त्यातल्या एखाद्या रात्री समुद्र खवळलेला असला तर दोनच. ‘या वर्षी या जातीने अंडी सोडलीच नाहीत’ ही नोंद तापत्या समुद्रात सर्वांत मोलाची ठरू शकते. पण नावाजलेल्या संशोधनपत्रिकांना नवा शोध हवा असतो; काही घडले नाही याची बातमी त्या सहसा छापत नाहीत.

नव्याच्या या हव्यासाने काय होते, हे प्रवाळांच्याच क्षेत्रात दिसले आहे. प्रवाळांच्या अळ्या आणि माशांची पिल्ले समुद्री शेवाळाने भरलेल्या खडकांचा वास टाळतात आणि निरोगी खडकांकडे वळतात, असा दावा करणारा फिजीमधल्या अभ्यासावरचा निबंध 2014 मध्ये ‘सायन्स’ने छापला. निष्कर्ष मोहक होता, जगभर गाजला. आकडेवारीवर शंका घेतल्या गेल्या, चौकशी झाली आणि ऑगस्ट 2022 मध्ये पत्रिकेने तो मागे घेतला. मधली आठ वर्षे इतर संशोधक त्याच पायावर पुढचे प्रयोग रचत होते. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000 हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यातले बहुतेक हिंदावी या एकाच प्रकाशनाचे होते.

याउलट एक साधे उदाहरण भारतातच आहे. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनजवळच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांच्या प्रजननाची निरीक्षणे तिथल्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मरिन सायन्सेस’मध्ये प्रसिद्ध केली. ही पत्रिका 1972 पासून निघते, आता तिचे नाव ‘इंडियन जर्नल ऑफ जिओ-मरिन सायन्सेस’ आहे आणि ती सीएसआयआरच्या दिल्लीतल्या संस्थेतून प्रसिद्ध होते. तिचे अंक कोणालाही फुकट वाचता येतात. मालवणचा स्कूबा प्रशिक्षक असो की रामेश्वरमचा मच्छीमार संघटक, त्याला पैसे न भरता तो निबंध उघडता येतो.

मालवणच्या बाबतीत तसे घडलेले नाही. 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होते, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कल्याण डे, बबन इंगोले आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नोंदवले. निबंध आला एल्सव्हियरच्या ‘मरिन पोल्यूशन बुलेटिन’मध्ये. ही पत्रिका मुख्यतः वर्गणीवर चालते. संशोधकांचा यात दोष नाही. त्यांची बढती आणि पुढचा निधी अशाच पत्रिकांवर अवलंबून असतो. पण ज्यांच्या होड्यांबद्दल आणि पाहुण्यांबद्दल तो निबंध आहे, त्या तारकर्ली-दांडीच्या लोकांपर्यंत तो पोहोचायला नको का?

केंद्र सरकारने यावर उपाय काढला तो ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा. 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 पत्रिका आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचायला मिळणार, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मनापासून स्वागत करायला हवे. पण योजना सरकारी संस्थांपुरती आहे. तुतिकोरिनची ती संस्था सरकारी नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर 24 वर्षे नजर ठेवून, जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 मध्ये 20 टक्क्यांच्या खाली आले हे दाखवून देणारी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन हीदेखील स्वयंसेवी संस्था. सर्वांत चिवटपणे पाण्यात उतरणारेच दाराबाहेर राहिले आहेत. त्यातच 19 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांच्या दाव्यात, निबंध फुकट उघडून देणारे ‘साय-हब’ हे संकेतस्थळ देशभर बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने तो प्रकाशकांचा हक्क असेल. पण अशा छोट्या संस्थांसाठी एक वाट त्याने बंद केली, हेही तितकेच खरे.

वाचण्याइतकाच प्रश्न छापण्याचा आहे. ‘नेचर’मध्ये निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर लेखकाकडून 10,000 डॉलरहून जास्त शुल्क घेतले जाते. जानेवारी 2023 पासून जेआरएफची शिष्यवृत्ती महिना 37,000 रुपये आहे, म्हणजे वर्षाला 4,44,000. एका निबंधाचे शुल्क संशोधकाच्या वर्षभराच्या शिष्यवृत्तीच्या दुपटीहून अधिक होते. मग स्वस्त आणि बनावट पत्रिकांचे फावते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या 1,009 पत्रिका तपासल्या, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाल्या. त्यातून ‘यूजीसी-केअर’ यादी उभी राहिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती बंदही झाली. आता चांगले-वाईट ठरवायचे काम पुन्हा ज्या त्या संस्थेवर आले आहे.

सरकारने पैसे कमी दिले, अशी तक्रार इथे करता येत नाही. ते कशावर जातात, हा मुद्दा आहे. परदेशी पत्रिका वाचण्यासाठी वर्षाला सरासरी 2,000 कोटी देणाऱ्या देशाने स्वतःच्या फुकट पत्रिकांना चांगले संपादक, वेळेवर तपासणी करणारे तज्ज्ञ आणि नीट चालणारे संकेतस्थळ द्यायला हवे. 2021 मध्ये हिंद-प्रशांत महासागरातल्या 101 ठिकाणच्या 6,178 प्रजनन-नोंदी संशोधकांनी एकत्र करून सर्वांसाठी खुल्या केल्या. कच्छचे आखात, मालवण, आंग्रिया बँक, लक्षद्वीप, मन्नार आणि अंदमान यांच्यासाठी तशी भारतीय नोंदवही सीएसआयआरच्या पत्रिकेने चालवावी, तिच्यात ‘काही घडले नाही’ हेही छापावे, आणि तिथली प्रत्येक तपासलेली नोंद पीएचडी आणि बढतीच्या वेळी निबंधाइतकी मोजावी. वर्गणीचा सध्याचा करार 2027 अखेर संपतो. पुढच्या कराराची बोलणी सुरू होण्याआधी ही तरतूद त्यात घालायला दिल्लीकडे अजून वेळ आहे.