शिरूर, दौंड आणि ‘ग्रामीण’ नावाची सोय

अमेरिकेच्या प्रारंभिक इतिहासाची सोपी फाळणी आपल्या परिचयाची आहे: उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती. हॅमिल्टनने १७९१ मध्ये कारखानदारीचा पुरस्कार केला, जेफर्सनला शेतकऱ्यांचे राष्ट्र हवे होते. परंतु पुढे मॅसॅच्युसेट्समधील लॉवेलच्या गिरण्या चालल्या त्या दक्षिणेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावरच. अर्थव्यवस्था एकच होती. हिशेबाची वही कोणाच्या हाती, हा खरा भेद.

त्या वहीचे एक पान शिरूर तालुक्यातही उलटले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकन कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापूस फारसा न पिकवणाऱ्या पुणे जिल्ह्यातही भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव उतरले. वाढलेला सारा आणि कर्ज मात्र राहिले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूरमधील करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखांचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात खतपत्रे जळाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा मोठा भागही त्याच भीमथडीतला. माणसांपेक्षा कागदांवर रोख धरणारा हा उठाव मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आज शिरूरमध्ये रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडमध्ये कुरकुंभची. म्हणून हे तालुके ‘औद्योगिक’ झाले काय? बाप उसाच्या बिलाची वाट पाहतो, मुलगा कंपनीत कंत्राटावर जातो आणि दोघे एकाच ताटात जेवतात. महामार्गालगत जमीन असलेला शेतकरी मराठवाड्यातून आलेल्या कामगारांना खोल्या भाड्याने देतो. त्याच तालुक्यातील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे मात्र वर्षानुवर्षे पाण्यासाठीच झगडत आली. दरी आहे, पण ती गाव आणि कारखाना यांच्यामध्ये नाही. ती गावातूनच, कित्येकदा घरातूनच जाते.

आपली समीक्षा मात्र ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ हे दोन कप्पे सोडायला तयार नाही. फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सावकार, कुळकर्णी, कचेरी आणि विलायती माल यांचा एकत्रच हिशेब मांडला होता. आपण त्या ग्रंथाला ‘वैचारिक गद्य’ म्हणून तिसऱ्याच कप्प्यात टाकले.

उद्या कोणी कारेगावच्या भाड्याच्या खोलीत बसून कादंबरी लिहील. तीत पगारपावती असेल, उसाची थकबाकी असेल, घरमालकाची आणि भाडेकरूची दोघांचीही कोरडवाहू जमीन असेल. ती कोणत्या प्रश्नपत्रिकेला लावायची, हे अभ्यासमंडळांनी आतापासूनच ठरवायला घ्यावे.