खेळाचे नियम कोण लिहितं?

"तू आई हो, मी पाहुणी होते." भातुकली मांडली की हे वाक्य ठरलेलंच. आधी कोण काय होणार ते ठरायचं, मग तासभर त्याच भूमिकेत बोलायचं. मोठी माणसं मात्र 'पोरींचा खेळ' म्हणून तिकडे बघायचीसुद्धा नाहीत.

गंमत बघा, असाच 'मी अमुक होतो' म्हणणारा खेळ अमेरिकेत मोठ्यांनी टेबलाभोवती बसून खेळला, तेव्हा त्याला 'रोल प्लेइंग गेम' असं भारदस्त नाव मिळालं आणि त्याचा मोठा धंदा झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून बाजारात आला. पहिल्या छपाईत फक्त १००० पेट्या होत्या. पेटीत ना पट, ना सोंगट्या. होत्या त्या पातळशा तीन पुस्तिका. एक जण सूत्रधार होतो आणि भुयार, राक्षस, खजिना यांचं वर्णन करतो. बाकीचे योद्धा किंवा जादूगार होऊन "मी दार ढकलतो" असं सांगतात. दार उघडलं की नाही, ते बऱ्याचदा फासा ठरवतो.

थोडक्यात, या खेळात आपण विकत घेतो ते शब्द! म्हणूनच अशा खेळाचं संपादन म्हणजे नुसतं शुद्धलेखन तपासणं नव्हे. नव्यानेच संसाराला लागलेल्या मुलीला फोनवरून पुरणपोळी सांगून बघा. 'अंदाजाने घाल' म्हटलं की ती अडलीच! इथेही तसंच. 'राक्षस जवळ आला तर' असं लिहिलं, पण जवळ म्हणजे किती पावलं? पहिला घाव कुणाचा? सूत्रधाराने मोठ्याने काय वाचायचं आणि स्वतःपुरतं काय ठेवायचं? खेळाडू दार सोडून भिंतच फोडायला निघाला तर? लिहिणारा तिथे सांगायला नसतो. म्हणून कच्चं पुस्तक अनोळखी लोकांच्या हाती देऊन ते कुठे अडतात हे बघायचं आणि पुन्हा लिहायचं.

सुरुवातीचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की खेळणाऱ्यांना शंकाच शंका! त्या निस्तरायला पुढे आलेल्या दोन बायका मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड. १९७५ मध्ये त्यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. ठिकठिकाणचे खेळाडू आपापली पानं पाठवायचे. कुणाचा नवा नियम, तर कुणाची आदल्या अंकातल्या नियमावर हरकत. ली ते सगळं एकत्र करून अंक काढायच्या. हे काम त्यांनी थोडीथोडकी नव्हे, २०२५ पर्यंत जवळपास ५० वर्षं केलं.

दुसऱ्या जीन वेल्स. १९७९ मध्ये त्या खेळ काढणाऱ्या कंपनीत लागल्या. तिथे खेळ रचण्याच्या कामावर घेतलेली ही पहिली बाई. वाचकांच्या शंकांना उत्तरं देणारं 'सेज ॲडव्हाइस' हे सदर कंपनीच्या 'ड्रॅगन' मासिकात त्यांनीच सुरू केलं. १९८१ मध्ये त्यांचं 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' हे पुस्तक छापून तयार झालं, पण आतल्या चित्रांवर आक्षेप निघाला आणि कंपनीने प्रती परत घेऊन बहुतेक नष्ट केल्या. मग टॉम मोल्डव्हे यांनी ते नव्याने लिहिलं आणि दोघांच्या नावांनी ते बाजारात आलं. जीन यांचं मूळ पुस्तक पुढे अनेक वर्षांनी वाचकांसाठी खुलं झालं. २०१२ मध्ये त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, राक्षस-खजिन्याच्या खेळात बाई असली काय, नसली काय, काय फरक पडतो? पडतो. १९७८ च्या नियमपुस्तकात एक तक्ता होता. खेळातलं पात्र स्त्री असेल, तर तिच्या ताकदीला पुरुष पात्राहून कमी कमाल मर्यादा. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात, मंत्र म्हटला की माणूस उडतो, तिथे एखादी बाई पुरुषाइतकी बलवान असणं तेवढं पटत नव्हतं! कुणी मुद्दाम कट केला असेल असं मला नाही वाटत. डोक्यात जे असतं तेच कागदावर उतरतं आणि एकदा छापलं की त्याचा 'नियम' होतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकली. खेळाचं काहीसुद्धा बिघडलं नाही.

म्हणून मला वाटतं, नियमाचा कागद हातात घेऊन "हे असं का?" विचारणारी व्यक्ती निर्मात्याइतकीच मोठी. आपल्याकडे अशा कामाला 'नुसतं नीट लावून दिलं' म्हणतात. घरात, मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात हे काम बहुतेक वेळा आपणच करतो आणि नाव मात्र भलत्याचंच लागतं. ते नाव मागायला शिकू या. आणि नुसतं नीट लावून थांबायचं कशाला? हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हाही कुणीतरी कधीतरी लिहिलेला नियमच आहे. लिहिणारी माणसं आज शेजारी नाहीत. खोडायचं काम आपलं आहे.

सुट्टीत तुमची लेक आपल्या मनाने एखादा खेळ रचत असेल, तर "अभ्यासाला बस" म्हणायच्या आधी तिला एक वही द्या. नियम लिहून काढायला सांगा, मग शेजारच्या मुलांना ती वही देऊन खेळायला लावा. कुठे अडतंय ते तिचं तिला दिसेल. नियम लिहिता येतात आणि बदलताही येतात, हे तिला लहानपणीच कळलेलं बरं.