संज्ञापनाची पदवी आणि आपली मुले

एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो, "आता पुढे काय घेणार?" डॉक्टरी, वकिली किंवा अकाउंट्स असे उत्तर आले की वडीलमंडळी समाधानाने मान डोलावतात. एका परिचितांच्या घरी मुलीने सांगितले, "आजी, मी रेदुईच्या विद्यापीठात कम्युनिकेशन शिकणार." आजींनी विचारले, "अगं, बोलायला कुठे शिकावं लागतं? तू तर तोंड उघडल्यापासून बोलतेच आहेस!" सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. आजींचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे नीट उत्तर देणे जरूर आहे.

कम्युनिकेशनला मराठीत संज्ञापन म्हणतात. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागाच्या नावातच हा शब्द आहे. एकाने सांगावे आणि दुसऱ्याला कळावे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु सांगणारा एक आणि ऐकणारे लाखो असले की प्रश्न अवघड होतो. बातमी पारखून कशी घ्यावी, तीच गोष्ट कागदावर, रेडिओवर आणि पडद्यावर कशी मांडावी, लोकमत कसे मोजावे, बदनामीचा कायदा काय सांगतो, आपल्या राज्यघटनेच्या १२व्या कलमाने दिलेले मतस्वातंत्र्य कुठवर जाते, हे सारे या विषयात येते.

यात केवढे सामर्थ्य आहे ते आपल्या इतिहासातच पाहावे. १८३२ साली पोर्ट लुईत आद्रियें देपिने यांनी 'ल सेर्नेएँ' हे पत्र सुरू केले. ते मळेवाल्यांचा आवाज होते. आपले पूर्वज गिरमिटावर आले तेव्हा मालकांजवळ छापखाना होता आणि मजुरांजवळ काहीच नव्हते. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांनी मजुरांची गाऱ्हाणी एका अर्जात मांडली. त्या अर्जाला ९,४०१ जुन्या मजुरांनी पाठिंबा दिला, आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. दुःख तर कित्येक वर्षांचे होते. ते योग्य शब्दांत योग्य ठिकाणी पोचले तेव्हाच त्याची दखल घेतली गेली. १९०९ साली मणिलाल डॉक्टरांनी 'हिंदुस्थानी' पत्र काढले, तेही याच गरजेपोटी.

ही गरज आजही संपलेली नाही. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या. लोकांना वेळेवर आणि स्पष्ट इशारा मिळाला की नाही यावर मोठा वाद झाला, आणि हवामान खात्याच्या संचालकांना पद सोडावे लागले. पाऊस मोजणे हे एक शास्त्र आहे. त्याचा अर्थ घराबाहेर पडणाऱ्या माणसाला कळेल असा सांगणे हे दुसरे शास्त्र आहे, आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणुकीच्या तोंडावर फेसबुकसारखी माध्यमे बंद करण्याचा हुकूम निघाला आणि लोकांचा संताप पाहून लगेच मागेही घेतला गेला. अशा वेळी कायदा जाणून प्रश्न विचारणारी माणसे देशाला हवी असतात.

पोटापाण्याचे काय, असे पालक विचारतील. तो प्रश्न रास्तच आहे. आपले बेट लहान, वर्तमानपत्रे मोजकी आणि त्यांतली बहुतेक फ्रेंच. पडद्यावर चेहरा झळकेल या आशेने कोणी जाऊ नये. परंतु बँका, हॉटेले, मंत्रालये, सेवाभावी संस्था या सर्वांना लोकांशी नीट बोलणारी माणसे लागतात. शिवाय २०१९ साली सरकारने सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पूर्णवेळ पदवीची फी माफ केली, तेव्हा पैशाची जुनी सबब बरीचशी गळून पडली. सार्वजनिक विद्यापीठ सर्वांच्या करांतून चालते. तिथे शिकलेल्या मुलांनी सर्वांचे म्हणणे मांडावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपली मुले इंग्रजीत शिकतात, फ्रेंचमध्ये वाचतात आणि घरी क्रेओल बोलतात. मराठी गणेशचतुर्थीच्या आरतीपुरती उरत चालली आहे. एम.बी.सी.वर मराठीला जो वेळ मिळतो तो वाडवडिलांनी मागून मिळवला. उद्या तो भरून काढणार कोण? मराठी जाणणाऱ्याला माईक धरता येत नाही आणि माईक धरता येणाऱ्याला मराठी येत नाही, अशी वेळ आली तर तो वेळ कोणी काढून घेण्याची गरज पडणार नाही. तो आपोआप जाईल.

बाळशास्त्री जांभेकर आपल्याच कोकणातले. त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढले तेही १८३२ सालीच, आणि त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीशेजारी छापला. आपल्या मुलांना हाच मार्ग धरता येईल. मोक्याची महात्मा गांधी संस्था रेदुईपासून जवळ आहे आणि तिथे मराठीचे उच्च शिक्षण मिळते. संज्ञापनाच्या विद्यार्थ्याला आपला एखादा प्रकल्प या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली मराठीत करण्याची मुभा विद्यापीठाने द्यावी, अशी मागणी आपल्या संस्थांनी एकत्र येऊन करावी. मंडळींनीही नुसते हारतुरे न देता या मुलांना काम द्यावे. गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी, झाकरीची गाणी, लग्नातल्या रीती ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. ही माणसे थांबणार नाहीत.

तेव्हा आजी, नातीला जाऊ द्या. बोलायला शिकावे लागत नाही हे खरे, पण दुसऱ्याचे नीट ऐकून ते चार लोकांपर्यंत खरेपणाने पोचवायला शिकावेच लागते. आणि ती सुट्टीत घरी येईल तेव्हा तिच्याशी मराठीत बोला. तो धडा तिला विद्यापीठात मिळणार नाही.