गाडीचा नंबर कुणासाठी?

घरात नवी गाडी येणार म्हटले की पूर्वी रंगावरून वाद व्हायचे, आता नंबरावरून होतात. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना ४१४१ च हवा. इंग्रजी आकडे जरा वळवून काढले की त्यांचे ‘दादा’ होते ना! तसाच २१४ चा ‘राम’. हौसेला मोल नसते म्हणतात, पण इथे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख रुपये, मुंबई-पुण्याकडे ६ लाख. एवढ्यात दुसरी गाडी येते, बाई!

नंबराची पाटी निघाली ती मिरवायला नव्हे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली ती सक्तीची केली, गाडी कुणाची हे कळावे म्हणून. आपल्याकडे १९८९ च्या आधी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत, मग एम.एच. आले. नागपूर शहराला ३१, ग्रामीणला ४०, पूर्व नागपूरला ४९.

आता विचार करा. सीताबर्डीच्या गर्दीत कुणी धक्का देऊन पळाला, तर आपल्या हाती काय उरते? तो नंबर. आणि तिथे ‘दादा’ लिहिलेले असले तर पोलिसांना काय सांगणार, कपाळ? म्हणून कायद्यात वेलबुट्टीची अक्षरे चालत नाहीत. मराठी आकडेही नाहीत. मराठी शिकवणारी मी, मला ते खटकते. पण परराज्यातल्या शिपायालाही नंबर वाचता यायला हवा, हे पटते.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना सुरक्षेची पाटी लावूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवायची आहे. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. डाव्या बाजूला अशोकचक्राचे चकाकते चित्र आणि खाली कोरलेला क्रमांक असतो, तो पाहून घ्या. रस्त्याकडेच्या दुकानातली तशीच दिसणारी पाटी घेऊ नका. पैसे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनच भरा, मोबाईलवर आलेल्या कुठल्याही दुव्यावरून नाही.

घरातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. मुलगी रात्री ऑटोने निघाली तर बसण्याआधी पाटी वाचून घरी कळवायची सवय लावा. आणि हो, शनिवारची लिंबू-मिरची नंबरावर लोंबकळू देऊ नका, जरा बाजूला बांधा.