जयपूरला मत्स्यालय हवे, पण नदीचे



अहमदाबादच्या गुजरात सायन्स सिटीत जुलै २०२१ मध्ये जलचरांचे भव्य दालन सुरू झाले. त्यातल्या २८ मीटर लांबीच्या पारदर्शक बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क जातो, आणि मुलांना घेऊन सुट्टीत तिकडे जावे असे जयपुरातल्या कुटुंबांनाही वाटते. मग आपल्या शहरातही असे काही असावे ही इच्छा ओघानेच येते, आणि ती रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की, जयपुरात मोठे मत्स्यालय उभे राहायचे असेल तर ते समुद्राचे नको, राजस्थानच्या नद्यांचे असावे.

पहिला मुद्दा पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर अरबी समुद्रच होता. जयपुरात दहा लाख लिटरचा हौद भरायचा तर ३५ टन क्षार बाहेरून आणून गोड्या पाण्यात कालवावे लागतील, आणि ते गोडे पाणी शहराच्या वाट्यातूनच जाईल. हे शहर आज टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी पिते. पूर्वी तहान भागवणारे रामगढ धरण, जिथे १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा झाल्या, ते कोरडे पडले. हौदातले पाणी गाळून पुन्हा फिरवतात, त्यामुळे फार पाणी लागत नाही, असे कोणी म्हणेल. पण माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट साठत जाते आणि काही पाणी वेळोवेळी बदलावेच लागते. गोड्या हौदातले असे पाणी बागेला घालता येते, किंबहुना झाडांना ते मानवते. खारे पाणी जिथे टाकाल तिथली जमीन नासवते. शिवाय शोभेचे समुद्री मासे आजही बहुतांशी प्रवाळांतून पकडून आणलेले असतात, तर गोड्या पाण्यातल्या कित्येक जातींची पैदास तळ्यांत होते.

रोहू-कटला बघायला तिकीट कोण काढणार, हा आक्षेप नेहमी येतो. त्याला आपल्याकडेच उत्तर आहे. महाराष्ट्रात महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिलसे येथे देवाचे म्हणून राखलेले मासे पाहायला माणसे मुलाबाळांसह जातात. तिथे बोगदा नाही, रोषणाई नाही. मोठे मासे पाण्याच्या वर येतात, एवढ्यानेच लोक खिळून राहतात. अमेरिकेतील चॅटनूगा हेही समुद्रापासून दूरचे शहर. तिथे १९९२ साली सुरू झालेले टेनेसी अ‍ॅक्वेरियम नदीचीच गोष्ट सांगत उभे राहिले आणि नावाजले. चंबळचा ऐवज काही त्याहून कमी नाही. महाशीर, शिंगाळा, मरळ, वाम हे मासे आहेत. विणीच्या काळात नराच्या डोक्यावर लाल पट्टे उमटणारे, जगातून नाहीसे होत चाललेले नदीकासव आहे आणि घडियालही आहे. बनास पुढे याच चंबळेला मिळते, म्हणजे नळाचे पाणी आणि हे प्राणी एकाच नदीच्या खोऱ्यातले. चंबळेतला डॉल्फिन मात्र कोणी मागू नये. डॉल्फिन कोंडून ठेवणारी केंद्रे उभारू नयेत, असे केंद्र सरकारने २०१३ मध्येच राज्यांना कळवले आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वाळवंटाच्या राज्यातल्या मुलांनी समुद्र पाहायचाच नाही का? किनाऱ्यापर्यंतचा प्रवास ज्यांना परवडत नाही, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न खराच आहे. पण हौदातले चार रंगीत मासे म्हणजे समुद्र नव्हे. त्याची भरती-ओहोटी, त्याचा खडकाळ किनारा, कोळ्यांच्या होड्या यांतले काहीच तिथे दिसत नाही. याउलट ज्या नदीचे पाणी घरात येते, तिच्यात काय जगते हे या मुलांना फारसे पाहायला मिळत नाही, आणि ती उणीव याच शहरात भरून काढता येते. समुद्र समुद्राकाठीच दाखवावा. करोनाकाळात बंद झालेल्या तारापोरवालासारख्या वास्तूच्या पुनरुभारणीवर त्यासाठी पैसा खर्च व्हावा. जयपुरात मत्स्यालयाचा कुठलाही प्रस्ताव आला, तर बोगद्याची लांबी ठरण्याआधी पाणी कुठून घेणार, बदललेले पाणी कुठे सोडणार आणि मासे कुठून आणणार, या तीन गोष्टी त्यात लेखी असाव्यात आणि नागरिकांना वाचायला मिळाव्यात.

– एक वाचक, जयपूर