वजनाची एटीकेटी

आमच्या वेळच्या गॅदरिंगमध्ये मला मिळालेला फिशपाँड अजून पाठ आहे. "युटीएम बंद पडलंय? काळजी नको. याला बेंचवर बसवा, ब्रेकिंग लोड कळेल!" सगळा हॉल हसला. सर्वांत मोठ्याने मीच हसलो. जाड्या मुलाला ही कला लवकर शिकावी लागते. आपणच आधी हसलो की बाकीच्यांचं हसणं जरा कमी लागतं.

आज मी तसल्याच बेंचेससमोर उभा राहून कंट्रोल सिस्टिम्स शिकवतो. मासिकाची मुलं "सर, काहीतरी टेक्निकल द्या ना" म्हणून मागे लागली होती. मित्रांनो, टेक्निकलच देतोय. फक्त सिस्टिम माझी स्वतःची आहे.

२०१७ साली माझं वजन होतं १३२ किलो. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे बीएमआय सुमारे ४६. शुगर वाढलेली, रात्री झोपेत श्वास अडकायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबकडे जाताना मधल्या लँडिंगवर थांबून नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करावं लागे. (त्या वर्षी कॉलेजच्या सगळ्या नोटिसा मला तोंडपाठ होत्या!) डाएट करून झाली, जिमचे पैसे भरून झाले. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. शेवटी ऑपरेशन करून घेतलं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक केळ्याएवढी नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे पोट लहान होतं, शिवाय भूकही काही काळ शांत होते.

लोक म्हणाले, "शॉर्टकट मारलास." पहिले काही आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, मग घास चावून चावून. जेवताना पाणी नाही. रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन आणि गोळ्या जन्मभर. याला कोणी शॉर्टकट म्हणत असेल तर त्याने एकदा तो रस्ता चालून बघावा.

चौदा महिन्यांत मी ८६ किलोवर आलो. ४६ किलो गेले! शुगर नॉर्मल झाली. नोटीस बोर्ड वाचणं बंद झालं. स्टाफरूममध्ये माझे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो फिरले. मी तर लेक्चरच द्यायला लागलो की राव, मनावर घेतलं की सगळं होतं म्हणून.

आणि मग ते परत यायला लागलं.

ताटभर जेवण मला आजही जात नाही. पण चिवडा जातो, बिस्किट जातं, आइस्क्रीम तर कुठेच अडत नाही. २०२० चं लॉकडाऊन आलं. एकीकडे ऑनलाइन लेक्चर, दुसरीकडे चिवड्याचा डबा. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. करा हिशोब, बारा चमचे म्हणजे साधारण ५० ग्रॅम, २०० कॅलरी. त्या मी कधी 'खाण्यात' धरल्याच नाहीत. २०२२ पर्यंत काटा १०८ वर पोचला.

एका लग्नात मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "परत भरलास की रे! एवढं पोट कापून घेऊन काय उपयोग?" मी हसलो. ती कला विसरलो नव्हतो. पण त्यानंतर हॉस्पिटलचा फोन आला की उचलायचा नाही, असं ठरवून टाकलं. कोणत्या तोंडाने जाणार? ज्यांनी माझा फोटो भिंतीवर लावला होता, त्यांच्यासमोर जाऊन काट्यावर उभं राहायचं? फॉलो-अप बंद, रक्ततपासण्या बंद, हळूहळू गोळ्याही बंद.

सुमारे वर्षभराने पायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, उभं राहून शिकवल्यामुळे असेल. मग बोटं बधिर व्हायला लागली, खडू हातातून सुटायला लागला, शिकवलेलं डेरिव्हेशन मध्येच विसरायला लागलो. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. जठर कमी झालं की बी-१२ शोषून घेणंही कमी होतं, म्हणून तर गोळ्या जन्मभर. हे मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. वाढलेल्या २२ किलोंनी मला जेवढा धोका दिला नाही, तेवढा त्या लाजेने दिला. नसांचं नुकसान वेळेत लक्षात आलं नाही तर ते कायमचं राहू शकतं.

शेवटी गेलो. वाटलं होतं, झाडतील. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वाढायला लागलं तेव्हाच यायचं. फॉलो-अप त्यासाठीच असतो." बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. स्लीव्ह ताणली गेली आहे का ते तपासलं. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराची वही लिहायला लावली, अगदी तुमच्या जर्नलसारखी, रोजच्या रोज. चहातली साखर गेली, ताटात आधी उसळ, अंडी, पनीर आणि मग बाकीचं. समुपदेशकाकडेही गेलो, कारण डबा भुकेने उघडत नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. आज वजन ९४ आहे. ८६ नाही. मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात, डाव्या पायाच्या बोटांत थोड्या उरल्यात.

आता टेक्निकल भाग. आपण वजनाकडे ओपन लूप म्हणून बघतो. इनपुट कमी, आउटपुट जास्त, झालं! पण शरीर हे क्लोज्ड लूप आहे. वजन घटलं की ते फरक मोजतं, भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ऑपरेशनने हा सेट पॉइंट खाली येतो, पण कंट्रोलर बंद पडत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसलं. सर्वांत जास्त घट पहिल्या एक-दोन वर्षांत, पुढे वजन थोडं परत वाढलेलं. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे थोडं परत आलं तरी सगळं वाया जात नाही. २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या वजनाच्या इंजेक्शनांचंही तेच. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं २०२२ च्या अभ्यासात दिसलं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर आपण पेशंटला आळशी म्हणतो का?

हे सगळं आत्ताच का लिहितोय? मागच्या सेमला प्रॅक्टिकल संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. हॉस्टेलवर त्याला कशावरून हाक मारतात ते मी इथे लिहिणार नाही. म्हणाला, "सर, मीपण ऑपरेशन करू का? पण परत वाढलं तर लोक काय म्हणतील?" बघा, भूल, टाके, खर्च यातलं त्याने काहीच विचारलं नाही. भीती होती ती फक्त 'लोक काय म्हणतील' याची. मी म्हटलं, "अरे, करायचं की नाही ते डॉक्टर तपासून सांगतील, आईबाबांना घेऊन जा. पण परत वाढलं तर काय करायचं, ते मी सांगतो. लपायचं नाही."

आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांकडे यासाठी एक फार चांगला शब्द आहे, एटीकेटी. विषय राहिला, पण टर्म गेली नाही. पुढच्या वर्गात बसायचं आणि राहिलेला पेपर परत द्यायचा. एटीकेटी लागलेल्या मुलाला आपण नोट्स देतो, रात्रभर बसून शिकवतो, कटिंग पाजतो. मग वजनाची एटीकेटी लागलेल्याला टोमणा का मारायचा?

मेस कमिटीला एक विनंती. वरणात डाळ शोधावी लागू नये आणि रोज एक उसळ असावी. सगळ्यांचंच भलं होईल. आणि यंदाच्या गॅदरिंगला फिशपाँड जरूर टाका. माझ्या फळ्यावरच्या अक्षरावर टाका, माझ्या व्हायवाच्या प्रश्नांवर टाका, माझ्या स्कूटरवर टाका. पहिल्या रांगेत बसून मी खरंखुरं हसेन. कुणाचं वजन तेवढं सोडा.